तिसऱ्या रांगेतला वन्समोर

एखादीला कारल्याची भाजी आवडत असेल तर तिच्यावर एक वेळ विश्वास ठेवावा. पण जिला सगळंच आवडतं तिच्यावर मुळीच ठेवू नये, असं वत्सलाबाईंचं ठाम मत झालं होतं. आणि इनेसला पाच दिवसांत सगळंच आवडलं होतं. नाशिकच्या इंदिरानगरमधला त्यांचा फ्लॅट आवडला, गोदावरीकाठच्या गंगेवरची गर्दी आवडली, मिसळ तर डोळ्यांतून पाणी गाळत गाळत आवडली. शेवटी वत्सलाबाईंनी मुद्दाम मीठ न लावता, न पिळता कारली केली. ती पोरीनं पानात कणभरसुद्धा टाकली नाहीत. वर रोहित म्हणाला, “आई, तिला खूप आवडली.” कुठंतरी पाणी मुरत होतं हे नक्की.

इनेस म्हणजे पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात रोहितच्या ऑफिसात काम करणारी मुलगी. रोहितला तिच्याशी लग्न करायचं होतं. सोमवारी दोघं परत जाणार होते आणि त्याआधी त्याला घरच्यांचं उत्तर हवं होतं. रोहितच्या वडिलांनी, धनराजरावांनी, हात झटकले होते. “तुझी आई हो म्हणाली तर माझंही हो,” एवढं बोलून ते नाटकाच्या तालमीला निघून गेले. म्हणजे सगळा भार वत्सलाबाईंच्या डोक्यावर. एकुलता एक मुलगा. भलत्या मुलीच्या हाती लागला, तर इतक्या लांब तो रडतोय की हसतोय हेसुद्धा कळणार नाही.

त्यात भाषेची पंचाईत. वत्सलाबाईंचं इंग्रजी दुकानांच्या पाट्या वाचण्यापुरतं. इनेस चार-चार वाक्यं बोलायची, हातवारे करायची, मधेच कपाळाला आठ्या घालायची, आणि रोहितचं भाषांतर ठरलेलं, “तिला खूप आवडलं.” चार वाक्यांचं एक होत होतं. मग उरलेली तीन जात कुठं होती?

रविवारी दुपारी धनराजरावांच्या संगीत नाटकाचा प्रयोग होता. शालिमारजवळच्या नाट्यगृहात मंडळी जमली. धनराजराव मूळचे नामपूरचे. कांद्याची आडत सांभाळत गाणं शिकले आणि नाशकात आल्यावर हौशी मंडळाचे मुख्य गायक झाले. आता सत्तरी उलटली होती, म्हणून वाट्याला म्हातारा राजा आला होता. पण दुसऱ्या अंकातलं राजाचं पद अजून त्यांचंच. ते संपलं की तिसऱ्या रांगेतून पहिली आरोळी उठायची, “वन्समोर!” मग सगळं नाट्यगृह ओरडायचं आणि पद पुन्हा व्हायचं. ही पहिली आरोळी गेली तीस वर्षं वत्सलाबाईंची होती. दुसरं कुणी आधी ओरडलं तर त्यांना राग यायचा.

नाटक त्यांना तोंडपाठ होतं, म्हणून त्यांनी आज रंगमंचाकडे पाहिलंच नाही. पाहिलं ते शेजारच्या मुलीकडे. इनेस पुढं वाकून बसली होती. रोहित कानात काहीबाही सांगत होता. ऑर्गनवाला पुढच्या सुराची वाट पाहत घाम पुसायला लागला तेव्हा ती हसली. एक अक्षर कळत नाही आणि हसते! वत्सलाबाईंनी मनातल्या मनात एक खूण केली.

दुसऱ्या अंकात पद आलं. धनराजरावांनी सुरुवात छान केली. पण शेवटच्या वरच्या सुराला आवाज फाटला. तबलजीनं वेळेवर तिहाई मारून झाकून घेतलं. टाळ्या पडल्या. वत्सलाबाईंनी श्वास भरून घेतला आणि नेहमीपेक्षा मोठ्यानं ओरडल्या, “वन्समोर!”

नाट्यगृहानं साथ दिली. धनराजरावांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं, हात जोडले आणि पुन्हा गायले. या वेळी वरच्या सुराला आवाज आलाच नाही, नुसतीच हवा आली. तरी लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

इनेसनं मात्र टाळी वाजवली नाही. मुठी आवळून मांडीवर ठेवल्या होत्या.

सापडली! सासरा होणारा माणूस जीव ओतून गातोय आणि हिच्या हातून एक टाळी सुटत नाही. वत्सलाबाईंना वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. त्यांचा नकार पक्का झाला.

प्रयोगानंतर सगळे रंगपटात गेले. “झकास, आप्पा! आवाज अजून विशीतला!” म्हणत लोक धनराजरावांना भेटून गेले. अर्धी दाढी उतरलेले धनराजराव इनेसकडे वळले. “कसं वाटलं, बेटा?”

इनेस बराच वेळ बोलली. बोलताना तिनं स्वतःच्या गळ्याला हात लावला.

“बाबा, तिला खूप आवडलं,” रोहित म्हणाला.

“थापा मारू नकोस!” वत्सलाबाई कडाडल्या. “तिनं टाळी वाजवली नाही, मी पाहिलंय. काय म्हणाली ते शब्दाला शब्द सांग.”

रोहितचा चेहरा पडला. “ती म्हणते, पहिल्यांदा सूर फाटला तेव्हा तिला रडू आलं. राजा म्हातारा आहे, त्याचा सूर फाटणारच. पण तेव्हाच बाबांना त्रास होत होता, तो तिसऱ्या रांगेतूनही दिसत होता. तरी तुम्ही त्यांना पुन्हा गायला का लावलंत?”

धनराजरावांनी उरलेली दाढी काढली. मनातलं बोलायचं झालं की त्यांच्या तोंडी अजून नामपूरची अहिराणी यायची.

“पोर खरं बोलस, रोहितनी माय. मना गळा आते पहिलासारखा नई शे.”

“मग गायलात कशाला?”

“तू हाक देतेस,” ते हळूच म्हणाले. “नाही गायलो तर तुला वाटेल, नवरा थकला.”

वत्सलाबाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या. तुम्हाला तसं वाटू नये म्हणूनच मी ओरडत होते, हे त्यांना सांगायचं होतं. तीस वर्षं ज्याच्यावर जीव टाकला त्याचा घसा आपणच सोलत होतो. मग डोळे पुसून त्या लेकाकडे वळल्या.

“आणि कारल्याला काय म्हणाली होती?”

“म्हणाली, इतकं कडू आयुष्यात खाल्लं नाही.”

“मग संपवलं कशाला? विचार तिला. आणि पदरचं काही घालू नकोस.”

रोहितनं विचारलं. इनेसनं वत्सलाबाईंकडे पाहत उत्तर दिलं.

“म्हणते, तुम्ही सारख्या पानाकडे बघत बसला होतात.”

रडता रडता वत्सलाबाईंना हसू फुटलं. त्यांनी इनेसचा हात धरला. “माझं हो आहे,” त्या रोहितला म्हणाल्या. “पण तिला मराठी शिकव. मला तुझ्यावर भरवसा नाही.”

महिन्याभरानं पुढचा प्रयोग झाला. पद संपलं, सूर फाटला आणि धनराजरावांनी सवयीनं तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. वत्सलाबाई मुठी आवळून मांडीवर ठेवून बसल्या होत्या. त्यांनी नुसतीच नकारार्थी मान हलवली. राजानं हात जोडले आणि नाटक पुढं सुरू झालं.