ओटीवरची तोंडी परीक्षा

“शब्द विसरलीस तं विसर, पण ताल सोडू नको गो!” भातलावणीच्या चिखलात गाण्याची ओळ टाकताना गावातली म्हातारी धोंडीबाई ओरडायची. हर्षाली तेव्हा दहा वर्षांची. धोंडीबाई कधीच गेली, पण आइसलँडिकचं व्याकरण हर्षालीच्या डोक्यात शिरलं ते त्याच वाटेनं.

त्या भाषेतही तो, ती, ते होतं, त्याची तिला भीती नव्हती. पण साधा घोडा वाक्यागणिक शेपूट बदलायचा: हेस्तुर, हेस्त, हेस्ती, हेस्त्स. शहापूरच्या दवाखान्यातली ड्युटी संपवून किन्हवलीच्या एसटीत बसली की ती हे भातलावणीच्या गाण्याच्या चालीवर घोळवायची. घरी भिजलेले वाल सोलता सोलता तिची आई, चंद्रकला, मागून ओळ धरायची.

“एका घोड्याला इतकी नावं? आपल्या बैलाला एकच, तरी तो ऐकत नाय!”

आज फोनवर तोंडी परीक्षा. नापास झाली तर आइसलँडमधल्या वृद्धाश्रमातली नर्सची जागा गेली. पास झाली तर त्याहून कठीण. आईला तिनं सहा महिने सांगितले होते. करार चार वर्षांचा होता.

रेंज फक्त ओटीच्या कोपऱ्यात. फोन तांदळाच्या डब्याला टेकवला. आई ठेवणीतलं लुगडं नेसून शेजारी बसली. “मी तोंड नाय उघडणार. पण उठणार बी नाय.”

पडद्यावरच्या पांढऱ्या केसांच्या बाईनं नाव, गाव, काम विचारलं. एका शब्दाशी हर्षाली अडली. गुडघ्यावर बोटानं ताल धरला, तसा शब्द आला. मग बाईचं लक्ष आईकडे गेलं. हसून तिनं सावकाश विचारलं: मुलगी चार वर्षं लांब जाणार, आई काय म्हणते?

शब्दन् शब्द कळला. कळला नसता तर बरं, असं हर्षालीला वाटून गेलं.

“हून वेइत थाध एह्की,” ती म्हणाली. तिला ठाऊक नाही.

बाईचं हसू मावळलं. तिनं काहीतरी लिहिलं, पास झाल्याचं सांगितलं, आणि पडदा काळा झाला.

“झाली?”

“झाली पास.”

आईनं कडाकडा बोटं मोडली, पण नजर हटेना. “शेवटी काय गो बोललीस? माज्याकडं बघून बोललीस, न् त्या बाईचा चेराच उतरला.”

“घरची चौकशी करत होती.”

“घरची म्हंजे मीच ना? मग मला सांग.”

हर्षालीनं फोन पालथा घातला.

“आये, सहा महिने नाय. चार वर्षं जाते मी.”