लाल रंगाचा अज्ञात पदार्थ

सायकल कंपनीचा अहवाल तीन पानांचा होता आणि त्यातले सर्वांत देखणे छायाचित्र कुंकवाचे होते. दोनशे पट मोठे केलेले कण, माणकांची रास सांडावी तसे. खाली लिहिले होते : 'सीट-ट्यूबच्या जोडावर लाल रंगाचा अज्ञात पदार्थ आढळला. असा पदार्थ धातूस हानिकारक असू शकतो. सबब, आजीवन हमी लागू होत नाही.'

निगडीच्या घरी, ओट्याशी उभी राहून अरुंधतीने ते वाक्य दोनदा वाचले. अकरा वर्षे ती चाकणच्या एका कारखान्यात वेल्डिंगची तपासणी करत होती. जोड पाहून तो किती घाईने उरकला आहे हे सांगण्याइतकी तिची नजर पिकली होती. समुद्राच्या खाऱ्या पाण्यालाही जुमानत नाही अशा टायटॅनियमला चिमूटभर कुंकवाने कुरतडले, असे लिहिणाऱ्याचे शिक्षण कोठे झाले असावे, याचे तिला खरेच कुतूहल वाटले.

कुंकू तिनेच लावले होते, खंडेनवमीला. त्या दिवशी या औद्योगिक पट्ट्यात प्रेस मशिनपासून कॅन्टीनमधल्या चहाच्या यंत्रापर्यंत काहीच बिनकुंकवाचे राहत नाही. कारखान्यातली मोजमापाची हत्यारे पुजून ती घरी आली आणि सायकलीच्या बैठकीखालच्या जोडावरही तिने बोट टेकवले. सायकल 'अभंग' कंपनीची, टायटॅनियमची. ती आजन्म साथ देईल असे जाहिरातीत म्हटले होते. जन्म कोणाचा, हे म्हणायचे राहून गेले होते.

दिवाळी उलटून तीन आठवडे झाले आणि स्पाइन रोडच्या सिग्नलला थांबता थांबता नेमका तोच जोड दुभंगला. वेग नव्हता म्हणून गुडघा खरचटण्यावर निभावले. तिने तड्यातून आत पाहिले, तर नळीचा आतला काठ निळा होता. टायटॅनियम वितळत असताना त्याला हवा लागू द्यायची नसते. नळीच्या आतूनही आर्गॉन वायू सोडत राहावे लागते. ते कष्ट कोणी वाचवले की जोड निळा पडतो आणि ठिसूळ होतो. बाहेरून घासूनपुसून चांदी. आत, जिथे ग्राहकाचा डोळा पोहोचत नाही तिथे, मुक्या माराचा रंग.

तुटलेली फ्रेम तिने कंपनीकडे तपासणीला पाठवली. पण तिला नवी फ्रेम नको होती. तिला हवे होते एक लेखी वाक्य : जोड सदोष आहे. कारण तिच्या सायकलीच्या लगतचा पुढचा क्रमांक तिच्या धाकट्या भावाच्या, स्वानंदच्या सायकलीवर होता. एकाच दिवशी, एकाच खोक्यांच्या राशीतून त्यांनी त्या घेतल्या होत्या. आणि येत्या रविवारी स्वानंद ती सायकल घेऊन खंडाळ्याचा घाट उतरणार होता.

"तुझ्याही जोडात तेच असणार," तिने फोनवर सांगून पाहिले होते.

"असणार म्हणजे काय, ताई? कंपनीने लेखी दिलं तर थांबतो. तुझ्या संशयावर नाही."

"मग बघ ना. सीटचा दांडा उपस आणि टॉर्च मार आत."

"त्यावर सील आहे. सील फाटलं की हमी गेली. कागद वाचत नाहीस का तू?"

हमी शाबूत राहावी म्हणून हाडे पणाला लावायला निघालेला हा गृहस्थ दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका हुडकत असे. अहवाल आल्यावर तिने तो त्यालाही पाठवला. उत्तर लगेच आले : 'बघ! मी नाही लावलं कुंकू. माझी टिकेल.'

गुरुवारी कारखान्याला सुट्टी होती. ती तळवड्याच्या आयटी पार्कात 'अभंग'च्या काचेच्या कार्यालयात गेली. हमी विभागाचा प्रमुख प्रज्वल नावाचा तरुण होता. त्याचे बोलणे इतके गुळगुळीत, की पकडायला कोठे कंगोराच सापडू नये.

"आमची लॅब वर्ल्ड क्लास आहे, मॅडम. या, दाखवतोच."

त्याने दाखवली. पांढऱ्या टेबलावर तिची दुभंगलेली फ्रेम पडली होती, आणि शेजारी तो सूक्ष्मदर्शक, ज्याच्या साक्षीने तिला दोषी ठरवण्यात आले होते. अरुंधती त्याच्या बैठकीकडे पाहत राहिली. तिथे वाळलेल्या झेंडूची एक पाकळी चिकटली होती, आणि वर हळदकुंकवाची पाच ठसठशीत बोटे.

"हे काय आहे?"

"कुठे, मॅडम?"

"हा. लाल रंगाचा अज्ञात पदार्थ."

प्रज्वलने पाहिले आणि खिशातून रुमाल काढला. कोपऱ्यात काचा पुसणारा म्हातारा कर्मचारी मात्र खुलला. "अज्ञात कशाचा, ताई? कुंकू हाय. खंडेनवमीला म्याच लावलं. नारळ ह्या सायबांनी फोडला की."

"चिमाजी, तुम्ही चहाचं बघा."

"बगतो. पर त्ये पुसू नगा. वरीसभर ऱ्हाऊ द्यायचं असतं."

अरुंधतीने मोबाइल काढून सूक्ष्मदर्शकाचा फोटो घेतला. "दोन महिने होत आले. गंजला नाही अजून?"

"ते वेगळं, मॅडम. ते मशिन आहे."

"आणि माझं?"

"ते प्रॉडक्ट आहे."

असले वाक्य हसू न येता उच्चारायला अंगी उपजत गुण असावा लागतो. तिने टॉर्च लावून फ्रेमच्या नळीत धरला. आतले निळे वलय उजेडात अधिकच गहिरे झाले.

"ही टायटॅनियमची नॅचरल ब्युटी आहे," प्रज्वल म्हणाला. "लोक मुद्दाम करून घेतात असा रंग."

"नळीच्या आत? कोणी बघायला?"

प्रज्वलने फ्रेम उलटी करून ठेवली.

"हेच लिहून द्या. जोड आतून निळा आहे, एवढंच. नवी फ्रेम नका देऊ. माझा भाऊ रविवारी अशाच सायकलीवर घाट उतरणार आहे."

"लेखी नाही देता येणार, मॅडम. पण गुडविल म्हणून..." त्याने कपाटातून एक टी-शर्ट काढला. छातीवर ठळक अक्षरांत होते : अभंग राहा.

टी-शर्ट तिने सूक्ष्मदर्शकावर पांघरला, जसे देवाला वस्त्र घालावे, आणि ती बाहेर पडली. दारापाशी चिमाजी चहाची किटली घेऊन उभा होता. तो इकडेतिकडे बघत पुटपुटला, "निळं मला बी दिसलं व्हतं, ताई. पर मला कोन इचारतंय? माझं काम पुसायचं."

ती तशीच पुनावळ्याला स्वानंदच्या घरी गेली. स्वानंद गॅलरीत साखळीला तेल देत होता. तिने घडले ते सांगितले आणि फोटो पुढे धरला. तो खो खो हसला. "ते प्रॉडक्ट आहे! अरे देवा!" पुन्हा हसला. मग त्याने स्वतःच्या मोबाइलवर अहवाल उघडला, पुन्हा फोटो पाहिला, पुन्हा अहवाल. हसू ओसरले.

"एकच इनपुट," तो स्वतःशीच म्हणाला, "आणि रिझल्ट दोन. आमच्याकडे टेस्टिंगला कोणी असं आणलं ना, तर मी त्याला जेवू देणार नाही."

 इतके दिवस अरुंधती बोलत होती आणि त्याने ऐकले नव्हते.

स्वानंदने बैठकीखालच्या सीलवर नख ठेवले. चकचकीत कागदावर तांबड्या अक्षरांत लिहिले होते, 'काढल्यास हमी रद्द'. नख क्षणभर थबकले. मग त्याने ते एका झटक्यात ओरबाडले, स्क्रू सैल केला आणि सीटचा दांडा उपसून काढला. मोबाइलचा टॉर्च लावून एक डोळा मिटून तो नळीत पाहू लागला. खाली महामार्गावरून ट्रक जात होते. गॅलरीची जाळी थरथरत होती.



"निळं आहे," अखेर तो म्हणाला. आवाजात खोडकरपणा उरला नव्हता. त्याने टॉर्च फ्रेमच्या बाहेरून फिरवला, बैठकीखाली, जोडावर, जिथे त्याने खंडेनवमीला कधी बोट टेकवले नव्हते.

"आणि लाल कुठेच नाही, ताई."