तीन बोटं

अस्मिताला भूल देण्याचं शिक्षण सुरू करून जेमतेम तीन महिने झाले होते आणि तिला सगळ्याचीच भीती वाटायची. मॉनिटरच्या आवाजाची, सर्जनच्या कपाळावरच्या आठीची, आणि ऑपरेशन थिएटरच्या सिंधूताई सिस्टर चष्म्यावरून बघायच्या त्याची तर फारच. इतकं घाबरणाऱ्या मुलीनं हीच शाखा का घ्यावी, हे तिचं तिला ठाऊक. घरी मात्र कौतुकाला तोटा नव्हता. वडील धम्मानंद बुटीबोरीच्या कारखान्यात होते. भेटेल त्याला ते सांगायचे, आमची पोरगी माणसाले झोपवते. आई लगेच दुरुस्त करायची, "उठवते म्हणा."

त्या दिवशी सकाळी कॉलेजच्या हॉलमध्ये एका दिवसाचा कोर्स होता. ज्यांच्या घशात श्वासाची नळी घालणं अवघड जातं अशा पेशंटचं काय करायचं, हे शिकवणारा. जागा बाराच, आणि त्यात अस्मिताचं नाव लागलं म्हणून ती दोन दिवस हवेत होती. सगळ्यांचे फोन दाराजवळच्या ट्रेमध्ये बंद करून ठेवलेले. टेबलांवर रबरी पुतळे आ वासून पडलेले. विभागप्रमुख चारुशीला मॅडम पुतळ्यांकडे वळल्याच नाहीत. आधी त्यांनी अस्मिताला उभं केलं.

"पेशंटचं तोंड किती उघडायला हवं?"

"तीन बोटं, मॅडम. आडवी."

"कुणाची?"

हॉल हसला. अस्मिताही हसली, तिला वाटलं गंमत चाललीय. मॅडम हसल्या नाहीत. "पेशंटची," त्या म्हणाल्या. "ज्याचं तोंड त्याचीच बोटं. तुमची नाही." मग त्या पुढच्या मुलाकडे वळल्या.

अस्मिता खाली बसली. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं.

काल दुपारी तिनं वॉर्डात गणपतराव नावाच्या पेशंटची तपासणी केली होती. कन्हानचे, कोळशाच्या खाणीत आयुष्य काढलेले. पित्ताशयात खडे झालेले, आज ऑपरेशन. सोळाव्या वर्षापासून गालात खर्रा. सुपारी आणि तंबाखूच्या त्या चुऱ्यानं गाल आतून चामड्यासारखे कडक होतात आणि तोंड उघडेनासं होतं, हे नागपुरातल्या कुठल्याही डॉक्टरला सांगावं लागत नाही. अस्मितालाही ते माहीत होतं. म्हणून तर तिनं हातमोजा चढवून स्वतःची तीन बोटं त्यांच्या दातांमध्ये घातली. जरा रेटावी लागली, पण गेली. गणपतराव तोंड पुसत म्हणाले होते, "बाई, तुमची बोटं तं भेंडीवानी हायेत." ती खळखळून हसली होती. अजून नऊ पेशंट बाकी होते. तिनं कागदावर लिहिलं, तोंड तीन बोटं उघडतं, अडचण नाही. आणि खाली सही ठोकली.

तिनं टेबलाखाली स्वतःची बोटं पाहिली. मग तिला गणपतरावांचा पंजा आठवला, एकेक बोट तिच्या दोन बोटांएवढं. तिची तीन म्हणजे त्यांचं दीड.

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. सकाळीच गौरांग म्हणाला होता की तुझे गणपतराव मी साडेदहाला घेतो. गौरांग तिच्या एक वर्ष पुढे, हुशार, पण कागदावर विश्वास ठेवणारा. कागदावर अडचण नाही म्हटलंय. तो आधी झोपेचं औषध देईल, मग अंग सैल पडण्याचं. त्या दुसऱ्या औषधानं श्वास थांबतो, आणि पुढच्या दोन-चार मिनिटांत नळी गेलीच पाहिजे. तोंडच उघडलं नाही तर नळी जाणार कुठून? तशा जाड मानेच्या माणसाला वरून मास्कनं हवा देणंही कठीण.

उठून सांगायला हवं होतं. पण अकरा जण आत्ताच हसले होते, आणि आता आपण तेच केलंय म्हणून उभं राहायचं? विभागात वर्षभर हेच नाव पडेल. मन लबाड असतं, ते लगेच समजूत घालायला लागलं. गौरांग स्वतः बघेलच की. आधीचं ऑपरेशन लांबलं असेल. अंदाज काय एवढा चुकतो? असं करता करता सहा मिनिटं गेली. खरं सांगायचं तर ती सहा मिनिटं अस्मितानं स्वतःची अब्रू वाचवण्यात घालवली.

तेवढ्यात पुतळ्यावर नळी घालायची तिची पाळी आली. तिनं हनुवटी नुसती धरली आणि रबराचं तोंड हवं तेवढं उघडलं. तिनं नळी खाली ठेवली.

"मॅडम," ती म्हणाली, "काल मी माझी बोटं मोजली. गणपतरावांची. म्हणजे, ते आत्ता टेबलावर आहेत."

कोणी हसलं नाही. मॅडमनी एकच विचारलं, कुठलं थिएटर. मग भिंतीवरचा फोन उचलला. घंटा वाजत राहिली, उचललं कोणीच नाही. मॅडमनी फोन तसाच लोंबता सोडला आणि साडी वर धरून त्या धावायला लागल्या. साठीला आलेली बाई इतकी धावू शकते हे अस्मिताला त्या दिवशी कळलं. दोन जिने, मधला पूल, पुन्हा एक जिना. अस्मिता मागोमाग.

थिएटरच्या दाराशी सिंधूताई आडव्या आल्या. बाहेरच्या चपला त्यांनी आजवर मंत्र्याच्याही आत जाऊ दिल्या नव्हत्या. "काहून धावून राहिली वं?" म्हणता म्हणता त्यांनी अस्मिताचा चेहरा पाहिला आणि मुकाट्यानं दार धरलं.

आत गौरांगच्या एका हातात मास्क होता. दुसऱ्या हातातली सिरिंज गणपतरावांच्या हातावरच्या सुईला लावून झाली होती, फक्त दाबायची राहिली होती.

"थांब," अस्मिता ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा ती थिएटरमध्ये ओरडली.

गौरांग दचकला. मॅडमनी सिरिंज काढून घेतली आणि अस्मिताला नुसती मान हलवून खूण केली. मोजायचं तिनंच होतं. तिनं गणपतरावांचा उजवा हात उचलला आणि सांगितलं, काका, तुमची तीन बोटं तुमच्या तोंडात घाला. त्यांना काही समजेना, पण त्यांनी केलं. एक बोट गेलं. दुसरं नखापर्यंत जाऊन अडकलं. तिसरं ओठांवरच राहिलं. गौरांग त्या तिसऱ्या बोटाकडे बघतच राहिला.

"काई झालं का, बाई?" गणपतरावांनी विचारलं.

आता खोटं बोलायची ताकद तिच्यात उरली नव्हती. तिनं सांगितलं की काल मोजण्यात माझी चूक झाली, नेहमीच्या पद्धतीनं तुम्हाला भूल देता येणार नाही. जागेपणीच घसा बधिर करून, नाकातून बारीक कॅमेरा घालून नळी टाकावी लागेल. मॅडम स्वतः करतील, पण त्रास होईल. तुम्ही नको म्हणालात तर आज थांबू.

"करून टाका," ते म्हणाले. "पण मले भेव लागून राहिलं."

"मलापण, काका."

"मी तं कालच म्हटलं होतं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "बोटं भेंडीवानी हायेत म्हणून. तुमी हासल्या."

कॅमेरा आत जात होता तेव्हा ते खोकले, गुदमरले, डोळ्यांतून पाणी वाहिलं. त्यांनी अस्मिताचा हात इतका आवळला की तिची बोटं पांढरी पडली. तिनं तो सोडवून घेतला नाही. नळी गेली, मॅडमनी औषध दिलं आणि तो जाड पंजा हळूहळू ढिला पडला.

कोर्स पुन्हा सुरू झाला, मॅडम परत गेल्या, अस्मिता गेली नाही. ऑपरेशन संपेपर्यंत ती कोपऱ्यात उभी होती, आणि नंतर शुद्धीवर येईपर्यंत पेशंटला ठेवतात त्या खोलीत, त्यांच्या खाटेजवळ. मॉनिटरचा आवाज ऐकताना प्रत्येक ठोक्याला तिला वाटायचं की पुढचा येणार नाही. दीडच्या सुमारास गणपतरावांनी डोळे उघडले. घसा पार बसला होता.

"उठलो का मी, बाई?"

अस्मिता हो म्हणाली, आणि मग सिंधूताई चष्म्यावरून बघत असताना तिथंच तिला रडू कोसळलं.