डागमास्तरांनी धुतलेले पट्टे

डागमास्तरांना खरं नाव होतं, पण लाँड्रीच्या चाळीस वर्षांत ते कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. शाई, गंज, ऑइलपेंट, काहीही आणा, मास्तर ते काढणार. कुणी उपाय सुचवायला गेलं की "मला शिकवू नका" हे ठरलेलं उत्तर. एवढा ताठा माणसाला कुठंतरी नडतोच, मास्तरांना तो घरात नडला.

सूनबाई नर्स होती आणि रोज सायकलनं कामाला जायची. तिच्या हेल्मेटचे हनुवटीखालचे पट्टे घामानं काळेकुट्ट झाले होते, वासही यायचा. एका रविवारी सकाळी चार पाहुण्यांसमोर मास्तर बोलून गेले, "अख्ख्या गावाचे कपडे मी धुतो आणि माझ्याच घरात खुंटीला हे पोतेरं!"

पाहुणे हसले. सूनबाईही हसली, पण कानापर्यंत लाल झाली आणि हेल्मेट उचलून आतल्या खोलीत ठेवून आली. मास्तरांना ते लागलं. माफी मागणं त्यांना उभ्या आयुष्यात जमलं नव्हतं. धुणं जमत होतं.

दुपारी ती झोपल्यावर त्यांनी हेल्मेट हळूच दुकानात नेलं. ऑइलपेंट काढायची उग्र वासाची बाटली घेतली, कापसाचे बोळे भिजवले आणि पट्टे हेल्मेटवर असतानाच खसाखसा पुसले. आतल्या बाजूला बारीक अक्षरांचा कागद चिकटवलेला होता. चष्मा खिशातच होता, पण चाळीस वर्षं डाग काढणाऱ्याला कागद काय शिकवणार? दहा मिनिटांत पट्टे नव्यासारखे झाले.

सूनबाई हरखून गेली. शेजारच्या काकूंना बोलावून तिनं पट्टे दाखवले. "आमच्या बाबांच्या हाताला तोड नाही!" मास्तर दारात उभे राहून ऐकत होते आणि त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढत होतं.

सोमवारी दुकानात नवी इस्त्री आली. तिच्या खोक्यातला थर्माकोल टेबलावर पडला होता. बाटलीतून त्यावर एक थेंब सांडला आणि तिथं बघता बघता खड्डा पडला. मास्तरांना हेल्मेट आठवलं. हेल्मेटच्या आतही तसलंच काहीतरी पांढरं असतं.

संध्याकाळी घरी कुणी नाही असं बघून त्यांनी हेल्मेट चाचपलं. पट्टे जिथून आत शिरतात तिथं बोट नखापर्यंत रुतलं. बाटलीतलं थिनर पट्ट्यातून झिरपत तिथवर गेलं होतं. आता मात्र त्यांनी चष्मा लावून आतला कागद वाचला. 'कोमट पाणी आणि सौम्य साबण एवढंच वापरावं. थिनर, ब्लीच लागल्यास पट्टे कमकुवत होतात, आतला थर विरघळतो. असं हेल्मेट वापरू नये.'

तेवढ्यात सूनबाईची चाहूल लागली. मास्तरांनी हेल्मेट होतं तिथं टांगलं आणि पेपर तोंडासमोर धरला.

मंगळवारी ती तेच घालून गेली, बुधवारीही. ती परत येईपर्यंत मास्तर दुकान सोडून कोपऱ्यावर उभे राहायचे. सांगायला किती वेळ लागला असता? पण शेजारच्या काकूंपर्यंत पोचलेली शाबासकी परत करावी लागली असती. सुनेच्या डोक्यापेक्षा आपल्याला आपलं नाव जड झालंय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि दाढी करताना आरशात बघवत नव्हतं.

गुरुवारी सकाळी तिनं "येते बाबा" म्हणत हेल्मेट डोक्यावर चढवलं. मास्तरांनी सायकलचं हँडल धरलं. "ते घालू नकोस, पोरी." आणि मग बाटलीपासून खड्ड्यापर्यंत सगळं सांगून टाकलं.

तिनं हेल्मेट उलटं करून बोटानं दाबून पाहिलं. "कधी कळलं तुम्हाला?"

'आत्ताच' हा शब्द अगदी जिभेवर होता.

"सोमवारी," मास्तर म्हणाले.

"काल एका ट्रकनं मला पार कडेला दाबलं होतं," ती म्हणाली. "मी घाबरले नाही. म्हटलं, डोक्यावर हेल्मेट आहे."

तिनं हेल्मेट कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि चालत कामाला गेली. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं मास्तरांना वाटलं.

नवं हेल्मेट आलं. त्याचेही पट्टे दोन महिन्यांत मळले. एका दुपारी सूनबाईनं टबात कोमट पाणी, साबण आणि जुना टूथब्रश आणून मास्तरांपुढे ठेवला. "धुता का, बाबा?"

मास्तरांना भरून आलं. बाह्या सरसावून ते बसले. मग त्यांनी पाहिलं, सूनबाई स्टूल ओढून समोरच बसली होती. चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं असं बसून त्यांचं काम पाहिलं नव्हतं.

आत तिचा फोन वाजायला लागला. वाजून वाजून बंद झाला. ती उठली नाही, तिची नजर ब्रशवरच होती.

"थोडा डाग राहील," मास्तर म्हणाले.

"राहू दे."

मग तिलाच अवघडल्यासारखं झालं. "हवं तर मी जाते आत," ती म्हणाली.

मास्तरांनी मान वर केली नाही. "नको," ते म्हणाले. "बस तू. बघत राहा."