मर्लच्या परवान्यासाठी माझं घर

आमच्या क्वॅम्बी क्रीकला वारा असा, की कुत्रं इथे भुंकतं आणि ऐकू येतं पुढच्या गावात. अशा गावात घरं विकायचा परवाना काढायचं मर्ल टकवेलनं मनावर घेतलं. जन्मभर मेंढ्या भादरणाऱ्यांच्या तळावर तिनं स्वयंपाक केला. आता गुडघ्यांनी राजीनामा दिला होता. परवाना मिळाला तर गावातल्या एकुलत्या एजंटच्या कचेरीत ती खुर्चीवर बसणार. नाही तर टुवूम्बा शहरात बहिणीच्या मागच्या खोलीत राहायचं, आणि ती बहीण फक्त पोपटाशी बोलते.

अभ्यासक्रम झाला, कॉम्प्युटरवरच्या परीक्षा झाल्या, पोलिसांनी चारित्र्याचा दाखला दिला. माझ्या माहितीत तो मिळवणारी गावातली ती पहिलीच. उरली शेवटची पायरी: परीक्षक प्रिचर्ड साहेब गिऱ्हाईक बनून येणार आणि मर्लनं त्यांना एक घर दाखवायचं. घर माझं. ते विकायचं नव्हतंच, नुसतं परीक्षेपुरतं.

शनिवारी साहेब आले आणि पाठोपाठ अख्खं गाव. शनिवारी कुणाचं घर बघायला ठेवलं की आमच्याकडे सगळे जातात. घ्यायचं नसतंच, कपाटं उघडून बघायची असतात. पण त्या दिवशी मंडळी मदतीच्या विचारानं आली होती.

"काय घर आहे!" खानावळवाला नेव्हिल ओरडला. "साहेब, लवकर बोला, नाहीतर मीच घेतो!"

"तू कसला घेतोस? मी आधी आले," केस कापणारी ग्लेनिस म्हणाली. "मर्ल, माझे दहा हजार जास्त धर!"

साहेबांची पेन्सिल थांबली. खोटं गिऱ्हाईक उभं करणं आमच्याकडे कायद्यानं गुन्हा. मर्लचा चेहरा पिठासारखा झाला.

तेवढ्यात साहेबांनी मला विचारलं, "इथे पुराचं पाणी येतं का?"

"पाणी?" मी म्हणालो. "ते या घराला घाबरतं. फाटकापाशी येतं, टोपी काढतं आणि वळसा घालून जातं."

"क्लेम, तोंड बंद!" मर्ल कडाडली. तळावर चाळीस माणसांना रांगेत उभं करणारा तो आवाज. "साहेब, मागच्या पुरात पाणी स्वयंपाकघरात शिरलं होतं. हा म्हातारा कोंबडी काखेत धरून छपरावर बसला होता. मीच होडी नेऊन खाली उतरवला. आणि नेव्हिल, तुझं स्वतःचं घर विकलं जात नाहीये, तू हे कसलं घेतोस? ग्लेनिस, दहा हजार कुठले गं तुझे? यातला एकही गिऱ्हाईक नाही, साहेब. सगळे माझे शेजारी. चला, व्हा बाहेर!"

"अगं, तुझ्यासाठीच तर बोलत होतो आम्ही," ग्लेनिस रडवेली झाली.

"ठाऊक आहे गं. म्हणूनच ओरडतेय. बाहेर!"

सगळे फाटकाबाहेर गेले. मीसुद्धा. माझ्याच घरातून.

प्रिचर्ड साहेबांनी चष्मा पुसला. "बाई, एवढं सगळं ऐकल्यावर हे घर घेणार कोण?"

"जो घेईल तो," मर्ल म्हणाली, "सोमवारी दुकानात भेटल्यावर मला शिव्या देणार नाही. इथे दुकान एकच आहे, साहेब."

साहेबांनी पेन्सिल खिशात ठेवली. मग त्यांनी हात पुढे केला. "परवान्याला माझी हरकत नाही."

मर्ल पायरीवर मटकन बसली आणि रडली. गुडघे दुखतात म्हणून, असं म्हणाली, पण मी ओळखतो तिला. मग डोळे पुसून तिनं फाटक उघडलं आणि एकेकाला अडवून विचारलं, "तू आता कोण? गिऱ्हाईक का शेजारी?"

"शेजारी," सगळे मुकाट म्हणाले, तेव्हा कुठे चहाला आत घेतलं. मलाही तेच विचारलं, माझ्याच फाटकात.