तात्याबांची डुलती फळी

मी एक जुनी डुलती फळी आहे, मित्रांनो. वर बाभळीची फळी, खाली अर्धगोल ओंडका. कुणी उभं राहिलं की डावी-उजवीकडे डुलायचं, हाच माझा जन्म. आज तासगावजवळच्या एका कबड्डी मंडळाच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले आहे.

मला घडवलं तात्याबा हवालदारांनी. फौजेत हॉकी खेळताना त्यांचा गुडघा गेला. इस्पितळात त्यांना गुडघा गेल्यावर शिकवलेला व्यायाम त्यांनी गावच्या पोरांना गुडघा जाण्याआधीच शिकवला. खेळापूर्वी अर्धा तास माझ्यावर एका पायानं तोल धरायचा, वळताना गुडघा वाकता ठेवायचा, आणि उडीवरून उतरायचं ते कापसावर मांजर उतरल्यागत.

पोरं म्हणायची, "तात्याबा, सर्कशीत धाडताय व्हय आमाला?"

जालिंदरही हसायचा, पण सगळ्यांआधी माझ्यावर चढायचा. त्याला साताऱ्याच्या फौजभरतीत धावायचं होतं. दोन वर्षं कुणाचा गुडघा दुखावला नाही. तेव्हा माझं केवढं कौतुक!

शहात्तर सालच्या सामन्याला पाहुणे उशिरा आले. व्यासपीठ उंच होतं. मंडळाचे अध्यक्ष लालासाहेब यांनी दोन्हीकडून विटा लावून माझं डुलणं बंद केलं आणि मला पायरी केलं. तात्याबा मला मागायला आले.

"आवं, पाव्हणं बसल्यात," लालासाहेब म्हणाले. "एक दिस उड्या न्हाई मारल्या तर आभाळ पडतंय व्हय?"

नारळ, हार, शाली, भाषणं. पोरं तासभर मांडी घालून बसली. पाय आंबले, अंग गार पडलं. मग थेट शिट्टी.

जालिंदर पहिल्याच चढाईत गर्रकन वळला. पाऊल मात्र जागीच रुतून राहिलं. गुडघ्याचा आवाज माझ्यापर्यंत आला.

"तात्याबा, भरतीला पंधरा दिस हायती. तवर बरा हुईल नव्हं?"

तात्याबांनी त्याचा पाय मांडीवर घेतला. "पानी पी आदी," एवढंच म्हणाले.

भरती त्याच्याविना झाली. लालासाहेब चावडीवर सांगत सुटले, की दोन वर्षं उड्या मारून शेवटी पाय मोडलाच. लोकांना पटलं. व्यायाम बंद पडला, तात्याबा मैदानाकडे फिरकेनासे झाले. पुढं आणखी तिघांचे गुडघे गेले. त्यांची नावं मला ठाऊक नाहीत. त्यांचे पाय मला कधी लागलेच नाहीत.

मित्रांनो, मला वाळवी लागली तरी चालेल. फळी नसेल तर जमिनीवर एका पायानं उभे राहा. पण तो अर्धा तास कुणालाही देऊ नका. पाहुण्याला ताटकळत ठेवलं, तर फार तर त्याचा चहा निवतो.