पाणी संपतं तिथं

रखमाजी सकाळीच खळ्यावर हजर झाला, तो काखेत भाताच्या पेंढ्याचा पुतळा मारूनच. पुतळा कुणाचा, तर त्याच्या चुलतभावाच्या, कोंडिबाच्या पोराचा, ज्ञानूचा. दुसऱ्या महायुद्धात पलटणीत गेलेला ज्ञानू तोब्रुक नावाच्या ठाण्यावर बेपत्ता झाला, असं सरकारी माणूस भर पावसात येऊन सांगून गेला होता. दिवाळी उलटली तरी पुढची खबर नाही. आणि ज्याचं मढं सापडत नाही त्याचा पुतळा करून अग्नी द्यायचा, ही भावकीतली जुनी रीत.

"आज उरकून टाकू," रखमाजी म्हणाला. "पुतळ्याला अग्नी द्यायचा, सुनेनं कुंकू पुसायचं. न्हाईतर तुज्या मळणीला भावकीतला एक माणूस येणार न्हाई, कोंडिबा. असल्या घरात कोण पाय टाकंल?"

खळ्याच्या कडेला चंद्राबाई, ज्ञानूची बायको, शेणाचे हात धूत उभी होती. तिच्या डोक्यात तिडीक गेली. पाणवठ्यावर बायका तिच्या कपाळाकडं बघून कुजबुजायच्या, ते तिनं निमूट सोसलं होतं. पण आता हा बाबा पुतळाच घेऊन दारात! तिनं सासऱ्याकडं पाहिलं. कोंडिबा मान खाली घालून बसला होता. भात कापणीला आलेलं, घरात माणसं दोनच, आणि पोराच्या घोरानं म्हातारा पार खंगलेला. तो 'हो' म्हणून बसेल, याचीच तिला धास्ती वाटली.

"कुटं मेले ते?" तिनं पदर सावरत खणखणीत विचारलं.

"समुद्रात, आणखी कुटं? पाण्यावर गेलेला माणूस पाण्यातच जायचा."

आता रखमाजीचं जग ते केवढं? भोर, फार तर पुणं, आणि जन्मात एकदा पाहिलेली मुंबई. त्यापुढं पाणी, आणि पाण्यापुढं काहीच नाही. गावाचंही तेच. ज्ञानू बोटीत चढला त्याच दिवशी निम्म्या गावानं त्याला मनातून मोजायचं सोडलं होतं.

चंद्राबाईचं माहेर आंबवड्याचं. तिथल्या शाळेत जगाचा नकाशा नव्हता, म्हणून मास्तर पोरींना सारवलेल्या अंगणात रांगोळीनं अख्खं जग काढायला लावायचे. चुकलं की पुसायचं आणि परत काढायचं. चंद्राची आफ्रिका हमखास बिघडायची, तिच्यापायी तिनं छड्याही खाल्ल्या होत्या.

ती तरातरा घरात गेली आणि रांगोळीचा डबा नि कुंकवाचा करंडा घेऊन आली. आदल्या दिवशी सारवलेलं खळं खडखडीत सुकलं होतं. मळणीत बैल ज्याच्याभोवती फिरतात, त्या मधल्या तिवड्याला तिनं मुंबई धरलं आणि मावळतीच्या अंगानं रेघ ओढायला लागली.

"ही काय थेरं मांडलीस गं?" रखमाजी खेकसला.

"वहाणा काढा तात्या, आन हिकडं या. ही मुंबई. हितनं बोट सुटली. ह्ये एडन. ही तांबड्या समुद्राची चिंचोळी वाट, ह्यो सुवेझचा कालवा. आन ही आफ्रिका." ती जरा वाकडीच आली होती. "हितं पाणी संपतं, तात्या! पुढं जमीन हाय, आपल्या मुलखापरीस मोठी. तोब्रुक ह्या जमिनीच्या काठावर हाय. लढाई झाली जमिनीवर, आन तुमी माणूस पाण्यात बुडवून मोकळं!"

"तू बघून आलीस जणू!"

"पलटणीतनं पेन्शनीत आल्याल्या मानसिंगमामांनी सांगितलंय. ठाणं पडलं, आपली माणसं ढिगानं धरली, आन बोटीत घालून वर इटलीत नेली." तिनं पायताणासारखी इटली काढली. "कैद जित्त्या माणसालाच करत्यात न्हवं?"

"आन तुजा त्यात हाय कशावरनं?"

हा घाव बरोबर बसला. चंद्राबाईनं रांगोळीचा डबा खाली ठेवला.

"म्हाईत न्हाई. मला म्हाईत न्हाई आन तुमालाबी न्हाई. मग जाळता कुणाला?"

तिनं करंड्यातली चिमूट घेतली आणि तोब्रुकवर ठसठशीत कुंकू लावलं. "माजं पुसायचंय ना? मग आदी ह्ये पुसा. या पुढं."

रखमाजीनं वहाणा काढल्या, एक पाय उचलला आणि तसाच मागं घेतला. कुंकवाला पाय कोण लावणार?

तेवढ्यात कोंडिबा उठला. तिवड्यापासनं निघाला, समुद्रातनं अनवाणी चालत गेला. त्याच्या टाचेनं एडन फिसकटलं. कुंकवाशी पोचल्यावर तो खाली बसला.

"लई लांब गेलं गं माजं पोरगं."

"व्हय मामंजी. पर वाट हाय."

म्हातारा ढसाढसा रडला. मग उठला, रखमाजीच्या काखेतनं त्यानं पुतळा हिसकावला, तडक गोठ्यात गेला आणि बैलापुढं टाकला.

"कोंडिबा! मळणीला कुत्रंसुदिक येणार न्हाई तुज्या!"

"नगं येऊ दे, दादा. मी हाय, माजी सून हाय. पोरगं येईल तवा त्योबी हाय."

बैलानं आधी पुतळ्याचं मुंडकं ओढलं आणि डोळे मिटून चघळायला लागला. चंद्राबाईनं बोटाला राहिलेलं कुंकू स्वतःच्या कपाळावर दाबून लावलं, विळा उचलला आणि रखमाजीच्या समोरनं शेताकडं निघाली.